सुप्रभा काकूंचा शून्य मिलिमीटरचा उन्हाळा

विंचेस्टरमध्ये उन्हाळा आधी लोकांच्या तोंडात येतो, आकाशात नंतर. मार्चमध्ये एखाद्या दिवशी पंधरा डिग्री झाली की समोरचा ब्रायन हाफपँट घालून फाटकाशी उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "कान्ट कम्प्लेन." जूनमध्ये पंचवीस झाली की तेच वाक्य, फक्त 'कान्ट' जरा लांबवून. जुलैत बत्तीस झाली की ब्रायन कम्प्लेन करतो. माझी आई त्या दिवशी पुण्याला मावशीला फोन लावते आणि डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितल्यासारखा आवाज खाली आणते. "अगं, बत्तीस. हसू नकोस. इथलं बत्तीस वेगळं असतं." मावशी हसतेच. तिने एप्रिल-मे चाळिशीत काढलेले असतात.

आमचं शहर शहर आहे ते कॅथीड्रल आहे म्हणून, नाहीतर या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालून होतं. उन्हाळ्यात हाय स्ट्रीटवर इंग्रजी शिकायला आलेली इटालियन मुलं एकाच रंगाच्या सॅक लावून उभी असतात आणि इंग्रजी सोडून सगळं बोलतात. इचन नदी मात्र शांत. ती खडूच्या टेकड्यांमधून येते. हिवाळ्यात मुरलेलं पाणी टेकड्या उन्हाळाभर थोडं थोडं सोडत राहतात, त्यामुळे पाऊस नसला तरी ती वाहत असते, इतकी स्वच्छ की तळातले दगड मोजावेत. बाकी सगळं पिवळं पडतं. आणि घरांना ना पंखे ना एसी, म्हणून खिडक्या सताड उघड्या राहतात. खिडक्या उघड्या म्हणजे शेजाऱ्यांचं सगळं ऐकू येणं आलंच. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

सुप्रभा काकूंची आणि आमची भिंत एक, आणि मागच्या बागांमध्ये लाकडी कुंपण, माझ्या खांद्याएवढं. काकू एकोणसत्तर वर्षांच्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत त्यांनी बावीस वर्षं काढली, त्यामुळे त्या काहीही देतात ते औषध दिल्यासारखं. आमच्या दारात कोथिंबीर ठेवतील आणि आईला सांगतील, "नीना, आजच वापर. धुऊन. उरली तर फ्रिजमध्ये, दोन दिवस. असो." वाक्य कुठलंही असो, शेवटी 'असो' येतोच, पावतीवरच्या शिक्क्यासारखा.

त्यांचे यजमान श्रीकांत काका शाळेत फिजिक्स शिकवायचे. बोलायचे ते कोणीतरी वहीत उतरवून घेतंय अशा चालीने, वाक्य तोडून, मध्ये थांबून. रिटायर झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं, बिनपगारी. मागच्या गवतात तांब्याचं एक पर्जन्यमापक पुरून घेतलं. गुडघ्याच्याही खाली येणारं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. घरात सगळे त्याला गेज म्हणतात. देशभर असे हौशी लोक आहेत. रोज सकाळी ठरल्या वेळेला बाटलीतलं पाणी काचेच्या निमुळत्या मापात ओतायचं, आकडा लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी सगळे आकडे हवामानाच्या एका ऑफिसला पाठवायचे. पाऊस असो, बर्फ असो, काही नसो. काहीच नसलं तरी बाटली काढून बघायची आणि शून्य लिहायचं. न बघता लिहिलेलं शून्य म्हणजे खोटं बोलणं, असं काका म्हणायचे.

त्यापायी सोळा वर्षांत दोघं मिळून एकदाही भारतात गेले नाहीत. भावाच्या साठीला काकू एकट्या गेल्या. काका एकटे कधी गेलेच नाहीत. मुलगा क्षितिज नॉटिंगहॅमला डॉक्टर आहे. त्याच्या आरवचं बारसं होतं तेव्हा काकू दोन दिवस आधी गेल्या आणि काका त्या दिवशी सकाळचं वाचन करून गाडीत बसले. पोचले तेव्हा पाळण्याची गाणी म्हणून झाली होती आणि बायका घुगऱ्या खात होत्या. रात्री परत. दुसऱ्या सकाळचं वाचन होतं ना.

काकूंचा त्या गेजवर राग होता, आणि तो त्या कोणालाही ऐकवायच्या. त्यातही त्यांची उन्हाळ्याची तक्रार ठरलेली होती. हिवाळ्यात हे बरोबर नऊला बाहेर जातात, आणि उन्हाळा आला की दहा. नऊला पोहे समोर ठेवले की खातात, मग पेपर उघडून बसतात, घड्याळाकडे बघतात, उठत नाहीत. एवढी वर्षं शाळेत पोरांना वेळ पाळायला शिकवली आणि आता स्वतः उन्हात लोळायला बघतात. काकांनी एकदा कुंपणापलीकडून उत्तर दिलेलं मला आठवतं, त्यांच्या त्या उतरवून घेण्याच्या चालीत. "पाऊस. काही. घड्याळ पुढे करत नाही." काकू म्हणाल्या, आळशी माणसाकडे कारणं फार असतात.

फेब्रुवारीत एका मंगळवारी काका गेले. हार्ट. स्वयंपाकघरात, पाच मिनिटांत.

इथे माणूस गेला की सगळं लगेच होत नाही. कागद, डॉक्टर, मग क्रेमेटोरियमची तारीख. त्यांना सतरा दिवसांनंतरची मिळाली. ते सतरा दिवस काकूंनी काय केलं ते मी वरच्या खिडकीतून बघितलं आहे. सकाळी नऊला नाइटगाऊनवर काकांचा रेनकोट चढवून त्या मागचं दार उघडायच्या, वाकायच्या, नरसाळं काढायच्या. क्षितिज दारात उभा राहून म्हणायचा, आई, आज राहू दे. त्या राहू देत नव्हत्या. हात फार्मसीतले, एक थेंब सांडायचा नाही. पहिल्या दिवशी तीन पूर्णांक सहा होता. त्यांनी आईला सांगितला, चहात साखर किती घालू विचारावं तसा.

फेब्रुवारी संपला तेव्हा त्यांनी काकांच्याच नावाने कॉम्प्युटर उघडला, पासवर्ड डायरीत होता, आणि आकडे पाठवले. पलीकडून आपोआप उत्तर आलं, थँक यू, श्रीकांत. मार्चमध्ये पुन्हा आलं. काका गेल्याचं काकूंनी ऑफिसला कळवलंच नाही.

आईने विचारलं तेव्हा कुंपणापाशी सगळं बाहेर आलं. क्षितिज दर रविवारी फोन करतो. तो आईशीही पेशंटशी बोलतो तसाच बोलतो, मऊ आवाजात, आकडे घालून. "आई, लिसन. ऑप्शन वन, तू इथे ये. तुझी रूम रेडी आहे. ऑप्शन टू, तू थोड्या दिवसांनी इथे ये." तिसरा ऑप्शन नसतो. काकू दर वेळी सांगतात, येऊ कशी, सकाळचं वाचन आहे, बाबांची सोळा वर्षं आहेत त्यात, एक दिवस मोडला तर मोडलं. त्यावर क्षितिज विषय बदलतो. बाबा बारशाला उशिरा आले त्याचं कारणही त्याने हेच ऐकलेलं.

"ऑफिसवाल्यांना कळलं की माणूस गेला, तर येऊन गेज उपटून नेतील," काकू आईला म्हणाल्या. "मग मी कोणत्या तोंडाने सांगू की येत नाही म्हणून?"

आई म्हणाली, काकू, सरळ सांगा ना दोघांनाही. काकूंनी तिच्या हातात मेथीची जुडी दिली. निवडून, आजच. असो.

मग हा उन्हाळा आला. एप्रिल कोरडा, मे कोरडा, जूनमध्ये एक सर, पुढे काही नाही. जुलैत पाण्याच्या कंपनीने होजपाइपवर बंदी घातली. ब्रायन आंघोळीचं पाणी बादलीने गुलाबांना घालायला लागला आणि सगळ्या गल्लीला ते सांगायला लागला, आपल्या आंघोळीबद्दल कोणी विचारलं नसताना. गवत इतकं वाळलं की चाललं तर पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज मला रोज सकाळी नऊला ऐकू यायचा. कुरकुर कुरकुर, थांबणं, तांब्याच्या नरसाळ्याची टण्, मग काहीच नाही. काकू रिकामी बाटली रिकाम्या मापात ओतायच्या. मापाच्या तळाशी डोळा नेऊन बघायच्या. शून्य पूर्णांक शून्य. कुरकुर कुरकुर, दार बंद.

त्यानंतर दिवसभर त्या घरातून फारसा आवाज यायचा नाही. कुकर एकदा, तोही आठवड्यातून तीनदा, कारण एकटीला एकदा लावला की दोन दिवस पुरतो. दुपारी टीव्हीवर क्विझ, त्याची उत्तरं काकू टीव्हीच्या आधी देतात, मोठ्याने. बरोबर आलं तर गप्प बसतात. पूर्वी काका म्हणायचे, "मार्क दिला."

जुलैच्या शेवटी ईमेल आला. डिअर श्रीकांत, तुमच्या आकड्यांमध्ये एक गोष्ट दिसली. जूनच्या पहिल्या आठवड्यातली ती सर आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर गुरुवारच्या नावावर आहे, फक्त तुमच्याकडे शुक्रवारच्या नावावर. सोळा वर्षांत तुमची अशी चूक झालेली नाही. सगळं ठीक आहे ना? नाहीतरी तपासणीची वेळ झालीच आहे, मी शुक्रवारी पावणेदहाला येते, दहाचं वाचन बरोबरच करू. खाली नाव, सारा.

काकू छापलेला कागद घेऊन आमच्याकडे आल्या. 'दहाचं' हा शब्द त्यांना दिसलाच नव्हता. त्यांना 'तपासणी' दिसली होती. आईने पुन्हा तेच सांगितलं, खरं सांगा. काकू म्हणाल्या, सांगणार आहे, हे भारतात गेलेत म्हणून. चार दिवस त्या ते वाक्य इंग्रजीत घोटत होत्या. भांडी घासताना ऐकू यायचं. "माय हजबंड इज इन इंडिया." एकदा काळजीच्या सुरात, एकदा सहज, एकदा जरा कंटाळून. कंटाळलेलं सगळ्यांत खरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळपासूनच तापलं होतं. काकूंनी नऊला नेहमीप्रमाणे वाचन केलं. मग इस्त्रीची साडी नेसल्या, ट्रेमध्ये चहा आणि शंकरपाळे मांडले आणि बागेतल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून राहिल्या. मी कुंपणाच्या अलीकडे पुस्तक घेऊन सावलीत होते, फळ्यांच्या फटींतून पलीकडचं दिसत होतं. पान एकही उलटलं नाही.

सारा तिशीची, उन्हाने लाल झालेली, आणि वाक्याच्या आधी 'राइट' आणि वाक्यानंतर 'लव्हली' म्हणणारी. राइट, बाग किती छान, लव्हली. राइट, हे शंकरपाळे तुम्ही केलेत, लव्हली. ती काकांचं नाव श्रीकँट असं म्हणत होती, रोज म्हणत असल्यासारखं सहज. काकूंनी ते नाव उखाण्याशिवाय कधी घेतलेलं मी ऐकलेलं नाही. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, ते मी मराठीत लिहिते आहे.

श्रीकँट कुठे आहेत, साराने विचारलं.

काकूंनी कंटाळलेलं वाक्य टाकलं. इंडियात. सारा म्हणाली, लव्हली, आणि कधी येणार? काकूंनी याचा सराव केला नव्हता. सप्टेंबर, त्या म्हणाल्या. मग थांबून, बहुतेक. साराने लिहून घेतलं. गेजची कड पट्टीने मोजली, पाणसळ लावून सरळ आहे का बघितलं, बाटली बघितली, आणि म्हणाली की सगळं इतकं नीट ठेवलेलं दुसरं केंद्र तिच्याकडे नाही. मग मनगटावरचं घड्याळ बघून खुर्चीत बसली. दहाला पाच मिनिटं होती. थांबू या, म्हणाली.

कशाला थांबायचं, काकू म्हणाल्या, वाचन झालं. नऊला.

सारा जरा हसली, मग हसायची थांबली. तिने फार हळू सांगितलं. वाचन नऊलाच असतं, पण हिवाळ्याच्या घड्याळाच्या नऊला, बारा महिने. मार्चमध्ये आपण घड्याळं तासभर पुढे करतो, गेज करत नाही. म्हणून उन्हाळ्यात ते आपल्या घड्याळाने दहाला वाचायचं. नाहीतर त्या तासात पडलेला पाऊस दुसऱ्या दिवशी जातो. जूनची ती सर सव्वानऊला पडली होती. "श्रीकँटना हे पक्कं माहीत आहे. मला वाटलं, त्यांनी जाताना तुम्हाला सांगितलं असेल."

 काकूंच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी बशीत ठेवला तर आवाज सुद्धा झाला नाही. आकाशात वर ते पाखरांचे थवे ओरडत गोल गोल फिरत होते, स्विफ्ट म्हणतात त्यांना, उन्हाळाभर थांबतात आणि जातात.

मग काकू मराठीत म्हणाल्या, कोणालाच नाही, समोरच्या गवताला. "म्हणजे हे आळशी नव्हते."

साराने सॉरी म्हटलं, म्हणजे तिला कळलं नाही. काकूंनी तिच्याकडे बघितलं. बावीस वर्षं औषधांच्या तारखा बघितलेली बाई, माणसाला एक्स्पायर झाला म्हणत नाही.

"श्रीकांत फेब्रुवारीत वारले," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी तुमच्याशी खोटं बोलले. तेव्हापासून सगळे आकडे माझे आहेत."

 राइट नाही, लव्हली नाही. साराने फक्त आय ॲम सो सॉरी म्हटलं, आणि ते इथले लोक दार धरून ठेवायला उशीर झाला तरी म्हणतात तसं नव्हतं. काकूंनी विचारलं, आता हे नेणार ना तुम्ही? त्यांनी गेजकडे बोटही दाखवलं नाही. सारा म्हणाली, का नेईन? फेब्रुवारी-मार्चचे आकडे चांगलेच आहेत, एप्रिलपासूनच्यांना शंकेची खूण करावी लागेल, बस. नाव बदलायचा एक फॉर्म असतो. तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर तुमच्या नावावर होईल. नको असेल तर ऑक्टोबरमध्ये कोणीतरी येऊन काढून नेईल. कोणाचीही जबरदस्ती नाही. पूर्णपणे तुमच्यावर आहे.

मला कुंपणाआडून वाटलं, सुटल्या काकू. पण काकूंचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. नेणार म्हटलं असतं तर रडता आलं असतं, भांडता आलं असतं. पूर्णपणे तुमच्यावर आहे, याचं काय करायचं असतं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

दहाला दोघी उठल्या. कुरकुर, कुरकुर. काकूंनी नरसाळं काढलं, बाटली ओतली, आणि माप साराच्या डोळ्यांसमोर धरलं. शून्य पूर्णांक शून्य. साराने सही केली. जाताना शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेली. हवाबंद ठेवा, पंधरा दिवसांत संपवा, असं काकूंनी तिला सांगितलं. फॉर्म टेबलावर राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी आई भात घेऊन गेली तर काकूंनी तिला एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. सोळा उन्हाळे. रोज नऊ ते दहा हे समोर बसायचे, पोहे संपले तरी. मी म्हणायचे, उठा. ते म्हणायचे, वेळ आहे. एकदा नीट विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं त्यांनी, आकृती काढून सांगितलं असतं. मी विचारलं नाही, टोमणे मारले. आई म्हणाली, अहो काकू, सगळ्या घरांत असंच असतं. काकू म्हणाल्या, सगळ्या घरांचं मला माहीत नाही.

रविवारी क्षितिजचा फोन आला. काकू बागेतच बसल्या होत्या, फोन स्पीकरवर, कारण कानाला लावला की त्यांना गरम होतं. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, सारा, दहा वाजताचं, फॉर्म. क्षितिजने मध्ये न बोलता ऐकलं. मग त्याचा तो मऊ आवाज सुरू झाला. आई, लिसन, हे तर गुड न्यूज आहे. म्हणजे तुला कोणी बांधून ठेवलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये ते घेऊन जातील, तोपर्यंत घराचं बघू, आरवच्या हाफ टर्मच्या सुट्टीत मी तुला घ्यायला येतो. मग आता अडचण काय आहे?

"अडचण काही नाही," काकू म्हणाल्या. "मला यायचं नाहीये."

 फोन कट झाला की काय म्हणून काकूंनी स्क्रीनकडे बघितलं.

"तुम्ही दोघं ड्यूटीला जाणार, आरव शाळेत," त्या म्हणाल्या. "तिथेही मी दिवसभर एकटीच, फक्त दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. इथे कुठल्या डब्यात काय आहे ते मला माहीत आहे."

मग त्याचा आवाज आला, आणि त्यात डॉक्टर नव्हता. "आई, मग तू आत्तापर्यंत गेजचं नाव का सांगत होतीस?"

"तू ऐकशील असं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं."

 फोनमध्ये मागे आरव कुठल्यातरी गेममध्ये ओरडत होता. शेवटी क्षितिज म्हणाला, ओके. आणि मग, मी येऊ का पुढच्या वीकेंडला?

"ये. राहायला ये," काकू म्हणाल्या. "न्यायला येऊ नकोस."

ड्यूटीचा रोटा बघून सांगतो, तो म्हणाला. बघ, त्या म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा साडेआठ वाजत आले होते. इथे ऑगस्टच्या सुरुवातीला त्या वेळी लख्ख उजेड असतो आणि माणसाला आत जायला कारण सापडत नाही. काकूंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर आणून ठेवलेला फॉर्म उचलला, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मधलं नाव लिहिताना त्या थांबल्या. ते काकांचंच होतं. मग तेही लिहिलं, सगळी अक्षरं सुटी सुटी, आणि उजेड जाईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.